नाझी वंशवादाची मुळे: आर्थिक हलाखी की विद्यापीठांतील वंशशास्त्र?

पिंपळपान (धागाकर्ती)

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात सध्या विसाव्या शतकातील युरोपचा इतिहास वाचला जात आहे. गेल्या बैठकीत नाझी राजवटीच्या उगमाविषयी बोलताना बहुतेक सभासदांनी जी मांडणी केली, ती आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेलीच होती: पहिल्या महायुद्धातील पराभव, व्हर्सायच्या तहातील मानहानी, युद्धखंडणी, १९२३ मधील चलनाची घसरण, १९२९ नंतरची मंदी व बेकारी, आणि या असंतोषावर स्वार झालेला एक प्रभावी वक्ता. या मांडणीत ज्यूंचा द्वेष येतो तो केवळ लोकांच्या रागाला वाट करून देणारे साधन म्हणून. त्याला स्वतःचा इतिहास असतो असे कोणाच्या बोलण्यातून जाणवले नाही.

मला ही मांडणी अपुरी वाटते. मंदीने अमेरिका होरपळली, ब्रिटनही होरपळले. चलन कोसळले म्हणून माणसे संतापतील, दुकाने लुटतील, सरकार पाडतील; परंतु आजोबा कोणत्या प्रार्थनामंदिरात जात होते हे पाहून प्राध्यापकाला नोकरीवरून काढणे, किंवा मनोरुग्णालयातील रुग्णांना वायूने मारण्याची योजना आखून तिच्यासाठी छापील अर्ज तयार करणे, हे रागाच्या भरात घडत नाही. त्यामागे आधीपासून सिद्ध असलेला एक विचार असावा लागतो. तो कोठे तयार झाला, सुशिक्षित समाजाने त्याला विज्ञान म्हणून कसे स्वीकारले, आणि ग्रंथातून तो प्रत्यक्ष हत्येपर्यंत कोणत्या टप्प्यांनी पोहोचला, हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. पुढील बैठकीत यावर मला टिपण वाचायचे आहे, तेव्हा सविस्तर लिहिलेत तरी चालेल.

दक्षिणवारा

आपली शंका रास्त आहे. हिटलरने या विचारसरणीत स्वतःचे असे फार थोडे घातले. १८८९ मध्ये तो जन्मला तेव्हा तिचे बहुतेक घटक युरोपात तयार होते. आर्तुर द गोबिनो या फ्रेंच लेखकाने १८५३ ते १८५५ या काळात मानववंशांच्या असमानतेवर मोठा ग्रंथ लिहून, संस्कृतींचा ऱ्हास रक्ताच्या मिश्रणाने होतो असा सिद्धान्त मांडला होता. जर्मनीत विल्हेल्म मार याने १८७९ मध्ये ज्यूविरोधी संघटना स्थापन केली, तेव्हा आपला विरोध ज्यूंच्या धर्माला नसून वंशाला आहे ही भूमिका त्याने उघडपणे घेतली. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण त्याचे परिणाम भयंकर झाले. जुन्या, धार्मिक स्वरूपाच्या ज्यूद्वेषात बाप्तिस्मा घेऊन सुटण्याचा मार्ग बहुधा उरत असे. वंशाची कल्पना आल्यावर तो मार्ग बंद झाला, कारण माणसाला धर्म बदलता येतो, आजोबा बदलता येत नाहीत. १८९९ मध्ये जर्मन संस्कृतीच्या प्रेमात पडलेल्या ह्यूस्टन स्ट्युअर्ट चेंबरलेन या इंग्रजाने युरोपचा सगळा इतिहास ट्यूटन (म्हणजे जर्मन वंशाचे लोक) आणि ज्यू यांच्या संघर्षाच्या रूपात रंगवला, आणि दुसरा कैसर विल्हेल्म त्याच्या वाचकांत व चाहत्यांत होता.

हा झाला लेखक-प्रचारकांचा प्रवाह. दुसरा प्रवाह प्रयोगशाळांतला, आणि मला तो अधिक धोकादायक वाटतो, कारण त्याला प्रतिष्ठा होती. निवडक पैदाशीने मानवजात ‘सुधारता’ येते असे मानणाऱ्या सुप्रजाशास्त्राला फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये नाव दिले; आल्फ्रेड प्लोट्झ या जर्मन डॉक्टराने १८९५ मध्ये ‘वंशआरोग्या’ची कल्पना मांडली आणि १९०५ मध्ये तिच्या प्रसारासाठी बर्लिनमध्ये संस्था काढली. व्यक्तीचे आरोग्य पाहणाऱ्या वैद्यकाने आता ‘राष्ट्रदेहा’चे आरोग्य पाहावे, असा या मंडळींचा आग्रह होता. एकदा राष्ट्र हा देह मानला की त्यातील काही माणसे रोग ठरतात, आणि रोगाशी करुणेने वागण्याचे बंधन डॉक्टरवर राहत नाही.

या दोन्ही प्रवाहांना एकत्र आणणारी भूमी आफ्रिकेत होती. आजचा नामिबिया तेव्हा जर्मनीची वसाहत होता. १९०४ मध्ये तेथील हेरेरो लोकांनी उठाव केला, तेव्हा जनरल लोटार फॉन ट्रोटा याने ऑक्टोबरमध्ये हुकूम काढला की जर्मन हद्दीत सापडणाऱ्या प्रत्येक हेरेरो पुरुषाला, सशस्त्र असो वा निःशस्त्र, गोळी घातली जाईल, आणि स्त्रिया व मुले यांना हाकलून लावले जाईल किंवा त्यांच्यावर गोळीबार होईल. हजारो माणसे ओमाहेकेच्या वाळवंटात तहानेने मेली. उरलेल्यांना छावण्यांत कोंडले गेले, त्यांपैकी ल्युडेरिट्झच्या किनाऱ्यावरील शार्क बेटाची छावणी सर्वांत कुप्रसिद्ध ठरली. हेरेरोंपैकी बहुसंख्य आणि नामा लोकांपैकी सुमारे निम्मे १९०८ पर्यंत नष्ट झाले, आणि मृतांच्या कवट्या संशोधनासाठी जर्मनीत पाठवण्यात आल्या. त्याच १९०८ मध्ये ऑयगेन फिशर हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ त्या वसाहतीतील रेहोबोथ येथे गेला. तेथील बास्टर समाज युरोपीय पुरुष व आफ्रिकी स्त्रिया यांच्या संततीतून निर्माण झाला होता. फिशरने त्यांची नाके, कवट्या, केस व डोळ्यांचे रंग मोजले आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की अशा मिश्रणाने युरोपीय समाजाची सांस्कृतिक अवनती होते. त्याच्या मोजमापांतून हा निष्कर्ष निघत नव्हता. तो घेऊनच तो बोटीत चढला होता. पुढे १९२१ मध्ये एर्विन बाउर व फ्रिट्झ लेन्झ यांच्यासह त्याने लिहिलेला आनुवंशिकतेवरील ग्रंथ जर्मन विद्यापीठांत प्रमाण मानला जाऊ लागला. १९२७ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था उभी राहिली आणि फिशर तिचा पहिला संचालक झाला. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा सहा वर्षे अवकाश होता, ही गोष्ट आपल्या टिपणात ठळकपणे यावी असे मला वाटते.

याच संस्थेशी आपल्या इरावती कर्वे यांचा संबंध आला होता. विसाच्या दशकाच्या अखेरीस त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या आणि फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. ही असमानता गोऱ्या युरोपीयांत अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या तर्कबुद्धीशी आहे, अशी फिशरची धारणा होती, आणि तिला पुरावा मिळवण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांच्या पुढ्यातील कवट्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्यांनी कवट्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या, आकडे ताडून पाहिले, आणि कवटीची असमानता व वंश यांचा परस्परसंबंध आढळत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या देशातील एका तरुण भारतीय विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताला त्याच्याच संस्थेत, त्याच्याच पद्धतीने मोजून नकार दिला, हे मला फार मोठे धैर्य वाटते. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलप्रमुख झाला. सिद्धान्ताला पुरावा मिळाला नाही, तरी सिद्धान्त मांडणाऱ्याचे काही अडले नाही.

कोनाडा

दक्षिणवारा यांनी दिलेली पार्श्वभूमी आवश्यक आहे, मात्र तिच्यावरून ग्रंथांपासून छळछावण्यांपर्यंत एक सरळ रेषा ओढली जाऊ नये, म्हणून हा प्रतिसाद देत आहे.

वंशशास्त्र हे जर्मनीचे खासगी उत्पादन नव्हते. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये केला, आणि १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा तशाच प्रकारचा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. स्वीडनमध्ये उप्साला येथे १९२२ मध्ये सरकारी वंशजीवशास्त्र संस्था निघाली आणि १९३४ मध्ये निर्बीजीकरणाचा कायदाही झाला. वसाहतींतील क्रौर्याबाबत बेल्जियमचा काँगोतील इतिहास कोणाच्याही मागे नाही. ज्यूद्वेष म्हणाल, तर १९०५ च्या सुमारास एखाद्या जाणत्या युरोपीयाला त्याचे सर्वांत हिंस्र रूप कोठे आहे असे विचारले असते, तर त्याने किशिनेवच्या ज्यूविरोधी दंगलीमुळे झारच्या रशियाकडे किंवा ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या देशद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ड्रेफस प्रकरणामुळे फ्रान्सकडे बोट दाखवले असते. मग संहार जर्मनीने का केला? माझ्या मते याचे उत्तर कल्पनांत जितके आहे तितकेच सत्तेच्या रचनेत आहे. इतर देशांत या कल्पनांना अडवणाऱ्या, निदान त्यांची गती मंदावणाऱ्या संस्था शाबूत होत्या: विरोधी पक्ष, न्यायालये, वृत्तपत्रे, चर्च, कामगार संघटना. जर्मनीत त्या काही महिन्यांत मोडल्या गेल्या किंवा मुकाट झाल्या.

निवडणुकांचे आकडे पाहावेत. मे १९२८ मध्ये, म्हणजे चलन सावरल्यानंतर आणि मंदीपूर्वी, नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के व १०७ जागा, जुलै १९३२ मध्ये सुमारे ३७ टक्के व २३० जागा. वंशशास्त्राची पुस्तके १९२८ मध्येही होतीच. मध्ये वाढली ती बेकारी. शिवाय १९३० ते १९३२ या काळातील प्रचारात पक्षाने अनेक ठिकाणी ज्यूद्वेषाचा सूर जाणीवपूर्वक खाली ठेवला होता. म्हणजे लाखो मतदारांनी रोजगार, शिस्त किंवा कम्युनिस्टांची भीती यांपायी मत दिले असेल. परंतु या पक्षाचा वंशद्वेष उघड असूनही त्यांना तो मत न देण्याइतका गंभीर वाटला नाही. या दोषातून त्यांची सुटका होत नाही.

आणि तरीही सत्ताप्राप्ती अटळ नव्हती. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत पक्षाच्या ३४ जागा घटल्या होत्या. उतरणीला लागलेल्या या पक्षाच्या नेत्याला ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर करण्यात आले ते फ्रान्झ फॉन पापेन व राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याभोवतीच्या उच्चकुलीन मंडळींच्या आग्रहामुळे. हिटलरला मंत्रिमंडळात घेऊन आपल्या मुठीत ठेवता येईल असा त्यांचा हिशेब होता. २७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली, दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य व टपालाची गुप्तता स्थगित झाली, आणि मार्चमध्ये डाखाउची छावणी सुरू झाली. २३ मार्च रोजी क्रोल ऑपेरागृहात सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. सभागृहात गणवेशातील नाझी स्वयंसेवक रांगा करून उभे होते, कम्युनिस्ट सदस्य अटकेत, भूमिगत किंवा परागंदा होते, आणि विरोधात मत दिले ते केवळ सोशल डेमोक्रॅटांनी. त्यांचे नेते ओटो वेल्स यांनी त्या वातावरणात उभे राहून केलेले भाषण हे त्या संसदेतील विरोधाचे शेवटचे भाषण ठरले.

आता आपल्या टिपणासाठी एक तारीख सुचवतो: १४ जुलै १९३३. त्या एकाच दिवशी नाझी पक्षाखेरीज अन्य पक्ष बेकायदा ठरवणारा कायदा झाला, आणि ‘आनुवंशिक रोगी संतती’ रोखण्याच्या नावाखाली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदाही झाला. दुसऱ्या कायद्याखाली पुढे सुमारे चार लाख माणसांचे निर्बीजीकरण करण्यात आले. अमेरिकेत अशा कायद्याविरुद्ध निदान न्यायालयात जाता येत होते, वृत्तपत्रात लिहिता येत होते, पुढच्या निवडणुकीत बोलता येत होते. जर्मनीत पहिल्या कायद्याने दुसऱ्या कायद्याचा विरोधकच नाहीसा केला. वंशवाद आणि सर्वंकष सत्ता यांची सांगड कशी बसली, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

पिंपळपान (धागाकर्ती)

दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. १४ जुलैचा योग मला ठाऊक नव्हता आणि तो टिपणात नक्की घेईन.

एक उपप्रश्न उरतो. कवट्या मोजून जर वंश सापडत नव्हता, तर राज्ययंत्रणेने ज्यू कोण हे ठरवले कसे? कायदा लिहायचा तर व्याख्या लागते. आणि सामान्य माणसांनी कोठेच विरोध केला नाही का?

टाचणी

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदवह्या सांभाळण्यात गेली, त्यामुळे या इतिहासातील कागदपत्रांच्या भागाकडे माझे लक्ष आधी गेले, आणि तो वाचताना मला अनेकदा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की व्याख्येसाठी त्यांना अखेर धर्माच्याच नोंदी वापराव्या लागल्या. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ‘आर्येतर’ कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून काढण्यास सुरुवात झाली, आणि काही दिवसांत निघालेल्या नियमांनुसार एक आजोबा किंवा आजी ज्यू असणे त्यासाठी पुरेसे होते. (पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना हिंडेनबुर्गच्या आग्रहावरून सूट होती, ती पुढे टिकली नाही.) १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युर्नबर्ग येथे नागरिकत्व काढून घेणारा आणि ज्यू व जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरवणारा असे दोन कायदे झाले. ते इतक्या घाईने लिहिले गेले होते की ज्यू कोण याची व्याख्याच त्यांत नव्हती; ती १४ नोव्हेंबरच्या पूरक हुकमाने आली. चार आजीआजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तो ज्यू. आणि आजोबा ज्यू होते हे कशावरून, तर ते ज्यू धर्मसमुदायाचे सभासद होते यावरून. म्हणजे रक्ताच्या शुद्धतेचा एवढा गाजावाजा केलेल्या राजवटीपाशी रक्त ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि ज्यू समुदायांची दप्तरे हीच तिची प्रयोगशाळा होती.

त्यातून ‘पूर्वजपत्रिका’ नावाची एक छोटी पुस्तिका घरोघरी आली. तिच्या पानांवर आईवडील, आजीआजोबा, पणजोबा यांचे जन्म, बाप्तिस्मा व विवाह यांचे रकाने छापलेले असत, आणि प्रत्येक नोंदीखाली धर्मगुरूची किंवा नोंदणी अधिकाऱ्याची सही व शिक्का घ्यावा लागे. नोकरीसाठी, पक्षाच्या सभासदत्वासाठी, लग्नासाठी हे पुरावे लागत. खेड्यातल्या धर्मगुरूकडे पत्रांचे ढीग पडू लागले आणि त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या काढून उतारे दिले. असा उतारा देणाऱ्या बहुतेकांना आपण कोणाचे वाईट करत आहोत असे वाटलेही नसेल. मात्र ज्याच्या पुस्तिकेचा रकाना भरत नव्हता तो माणूस आपोआप वेगळा पडत गेला. ऑगस्ट १९३८ च्या हुकमाने ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ व स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणे सक्तीचे झाले, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पासपोर्टांवर लाल ‘जे’ अक्षर उमटले, ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनामंदिरे जाळली गेली, सुमारे ३०,००० पुरुषांना छावण्यांत टाकण्यात आले, आणि नुकसानभरपाई म्हणून ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवला गेला. १७ मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येक घराला आजीआजोबांच्या वंशाची माहिती वेगळ्या कार्डावर भरून द्यावी लागली.

आपण छापील अर्जाचा उल्लेख केला आहे, तोही प्रत्यक्षातला आहे. युद्ध सुरू झाल्यावर मनोरुग्णालये व अपंगांच्या संस्थांकडे प्रत्येक रुग्णासाठी एक अर्ज धाडण्यात आला. त्यात नाव, रोगाचे निदान, संस्थेत किती काळ आहे, कोणते काम करू शकतो, भेटायला कोणी येते का, आणि वंश, असे प्रश्न होते. ‘भेटायला कोणी येते का’ हा प्रश्न कशासाठी विचारला असेल, याचा विचार करावा. भरलेले अर्ज तीन वैद्यकीय तज्ज्ञांकडे जात, आणि रुग्णाला एकदाही न पाहता ते अर्जाच्या कोपऱ्यातील चौकटीत खूण करत: लाल अधिक चिन्ह म्हणजे मृत्यू, निळे उणे चिन्ह म्हणजे जीवन. बर्लिनमधील टियरगार्टनष्ट्रास क्रमांक ४ येथील कार्यालयावरून ‘टी ४’ म्हटल्या जाणाऱ्या या योजनेत ग्राफेनेक, ब्रांडेनबुर्ग, हार्टहाइम, झोनेनश्टाइन, बेर्नबुर्ग व हाडामार येथे मिळून ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,००० हून अधिक माणसे मारली गेली. हिटलरने दिलेल्या अधिकारपत्रावर मुद्दाम १ सप्टेंबर १९३९ ही मागील तारीख घातली होती, म्हणजे हत्या युद्धाचाच भाग दिसावी. नातेवाइकांना मृत्यूचे खोटे कारण सांगणारे पत्र जाई; अपेंडिक्स पूर्वीच काढलेला रुग्ण अपेंडिक्सने दगावला, असे कळवले गेल्याची उदाहरणे आहेत.

आणि येथेच विरोधाच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. कुटुंबांत कुजबुज सुरू झाली, आणि ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी या हत्यांचा व्यासपीठावरून धिक्कार केला. त्याच महिन्यात वायुकेंद्रांतील योजना थांबवण्याचा हुकूम निघाला. (हत्या उपासमारीने व औषधांच्या मात्रेने पुढे चालूच राहिल्या.) फेब्रुवारी व मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या रोझेनष्ट्रासवर ज्यू पुरुषांच्या ज्यू नसलेल्या बायका नवऱ्यांच्या सुटकेसाठी दिवसेंदिवस उभ्या राहिल्या, आणि ते पुरुष सुटले. यावरून इतके तरी दिसते की राजवट जर्मन जनमताला जपत होती. ज्यू शेजाऱ्यांसाठी तेवढा आवाज उठला नाही, ही वस्तुस्थिती त्यामुळे अधिकच जड होते.

टी ४ मधील अनुभवी कर्मचारी वाया गेले नाहीत. क्रिस्टियान व्हिर्ट, फ्रान्झ स्टांगल यांसारखी माणसे तेथूनच पोलंडमधील बेल्झेक, सोबिबोर व ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांवर गेली. त्याआधी, जून १९४१ पासून, सोव्हिएत भूमीवर गोळ्या घालून हत्या सुरू झाल्या होत्या. कीवजवळच्या बाबी यार दरीत २९ व ३० सप्टेंबर या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना मारल्याची नोंद मारेकऱ्यांनीच ठेवली आहे. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमधील वान्झे येथील बंगल्यात ज्यूंच्या संहाराची आखणी करण्यासाठी १५ अधिकारी जमले, त्यांतील निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते. तेथील इतिवृत्तात युरोपातील ज्यूंची देशवार यादी आहे आणि तिची बेरीज एक कोटी दहा लाखांवर जाते. युद्ध संपेपर्यंत त्यांपैकी सुमारे साठ लाख मारले गेले होते. एकट्या आउशवित्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसे मेली.

कोनाडा

टाचणीताईंच्या प्रतिसादाला एकच पुरवणी. या विचारसरणीचे परिणाम सांगताना पूर्व युरोप अनेकदा मागे पडतो. स्लाव्ह लोकांना हीन मानणाऱ्या या सिद्धान्तात त्यांच्या भूमीवर जर्मन वसाहत उभारण्याचा आराखडा होता, आणि कोट्यवधी स्थानिकांची उपासमार त्यात गृहीत धरलेली होती. जर्मनांच्या हाती सापडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३० लाखांहून अधिक कैदी भूक, थंडी, रोग व गोळ्या यांना बळी पडले. पश्चिमेकडील कैद्यांना असे वागवले गेले नाही, हा भेद वंशाच्या कल्पनेतूनच आलेला होता. रोमा लोकांपैकी किमान दोन लाख, आणि काही अंदाजांनुसार पाच लाखांपर्यंत, मारले गेले. त्यांच्यावरील अन्यायाची अधिकृत दखल जर्मनीत १९८२ पर्यंत घेतली गेली नाही.

दक्षिणवारा

विद्वानांचे पुढे काय झाले, तेही टिपणात असावे. फिशरच्या संस्थेचे संचालकपद १९४२ मध्ये ओटमार फॉन फर्शुअर याच्याकडे आले. आउशवित्झचा डॉक्टर योझेफ मेंगेले हा त्याचा शिष्य, आणि छावणीत मारलेल्यांचे डोळे व अन्य अवशेष डालेमच्या संस्थेत संशोधनासाठी पोहोचत होते. १९४६ मध्ये न्युर्नबर्ग येथे डॉक्टरांविरुद्ध खटला सुरू झाला. आरोपी २३ होते, पण वंशशास्त्राचे हे प्राध्यापक त्यांत नव्हते. लेन्झ १९४६ मध्येच ग्योटिंगेन येथे प्राध्यापक झाला. फर्शुअरला १९५१ मध्ये म्युन्स्टर येथे मानवी आनुवंशिकीचे अध्यासन मिळाले. फिशरवर कधीच खटला चालला नाही. १९६७ मध्ये तो वृद्धापकाळाने वारला. २०१४ मध्ये संस्थेच्या जुन्या इमारतीजवळ खोदकाम चालू असताना मानवी हाडांचे तुकडे सापडले आणि २०२३ मध्ये त्यांचे दफन करण्यात आले. ती कोणाची, हे निश्चित करता आले नाही. नामिबियातील कवट्यांची परतवणी २०११ मध्ये सुरू झाली, आणि हेरेरो व नामा यांचा तो वंशसंहारच होता हे जर्मन सरकारने २०२१ मध्ये मान्य केले.

इरावतीबाईंविषयी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. भारतात परतल्यावर त्यांनीही महाराष्ट्रातील जातीजमातींची शारीरिक मोजमापे घेतली. डालेममध्ये शिकलेले तंत्र त्यांनी टाकून दिले नाही. त्यातून श्रेष्ठकनिष्ठतेचा निष्कर्ष काढण्यास मात्र त्यांनी बर्लिनमध्येच नकार दिला होता. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या तरच त्यांना न्याय मिळेल.

उंबरठा

चर्चा वाचून एक विचारावेसे वाटते. या राजवटीतून पळालेले काही ज्यू मुंबईत आले होते असे ऐकले आहे. त्यांच्याविषयी कोणी सांगू शकेल का?

टाचणी

होय, आले होते. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ मध्ये ज्यू साहाय्य संघटना स्थापन झाली. आकाशवाणीची सुरुवातीची धून ज्यांच्या नावे सांगितली जाते ते वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईला आले आणि तेथील आकाशवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत. रूडी फॉन लायडन, वॉल्टर लांगहामर व इमॅन्युएल श्लेसिंगर या राजवटीमुळे देश सोडून आलेल्या तिघांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना, विशेषतः १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह गट स्थापन करणाऱ्या आरा, रझा, सूझा, हुसेन यांना, जो आधार दिला तो कलेच्या इतिहासात नोंदलेला आहे.

मात्र त्यांचा आश्रय निर्वेध नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले, आणि त्यांत हिटलरच्या छळाला कंटाळून आलेले ज्यूही होते, नाझी पक्षाचे सभासदही होते. चौकशीनंतर पुष्कळ ज्यू सुटले; काही कुटुंबांना पुढेही पुरंदर किल्ल्यावरील छावणीत राहावे लागले. जर्मन म्हणून त्यांना येथे अटक झाली होती, आणि २५ नोव्हेंबर १९४१ च्या हुकमाने जर्मनीने परदेशातील आपल्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व रद्द करून त्यांची मालमत्ताही जप्त केली.